पाचला दहा कमी

मी एक टेबलावरचं घड्याळ. पितळी, चावीचं, तळहाताएवढं. माझे साहेब आज नावाजलेले फौजदारी वकील आहेत. त्याआधी न्यायाधीश होते. आम्हा दोघांवर कोणी खटला भरलेला नाही, म्हणून आपणहूनच बोलतोय.

साहेबांची नेमणूक झाली तेव्हा बाईसाहेबांनी मला विकत आणलं. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझे काटे दहा मिनिटं पुढे सरकवले. उशीर होण्याची त्यांना भारी धास्ती. "वर जायची वेळ आली तरी तुम्ही दहा मिनिटं आधीच पोहोचाल," असं बाईसाहेब चिडवायच्या. कोर्ट माझ्या चालीवर चाले. वकील पाठीमागे त्यांना 'घड्याळसाहेब' म्हणत आणि मला त्याचा कोण अभिमान वाटे! पुढे पुढे तर मी पुढे आहे, हेच साहेब विसरून गेले.

मग तो खटला आला. एका गिरणी कामगाराने गोदामाला आग लावली, आत पहारेकरी भाजला, असा आरोप होता. आरोपी म्हणे, मी त्या वेळी गिरणीत होतो. फाटकावर नोंद ठेवणारी बाई तेवढीच त्याची साक्षीदार. साहेबांनी तिला पाचपर्यंतची मुदत दिली होती.

माझ्यात पाच वाजले. पट्टेवाल्याने तीनदा पुकारा केला. बाईचा पत्ता नाही. बचावाचा वकील नवखा होता. त्याने मनगटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. 'साक्षीदार गैरहजर, पुरावा बंद,' असं लिहून साहेब उठले.

मला पिशवीत टाकून ते जिना उतरत होते. समोरून एक बाई धापा टाकत वर येत होती.

"साहेब, पाचपर्यंत यायला सांगितलेलं कोर्ट कुठलं हो? मी साक्षीला आलेय."

तेवढ्यात खालच्या दालनातल्या मोठ्या घड्याळाने पाचचे टोले दिले. साहेब जागच्या जागी थिजले. मग म्हणाले, "काम संपलं," आणि बाजूने निघून गेले.

तिला पुन्हा बोलावता आलं असतं. कायद्यात तशी सोय आहे. पण हुकूम फिरवायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि घड्याळसाहेबांची शोभा झाली असती. घरी येऊन त्यांनी चुपचाप माझे काटे नीट केले. कामगाराला सात वर्षांची कैद झाली. वरच्या कोर्टानेही कागद पाहून शिक्षा कायम केली. मी टिकटिक करत राहिलो. मला लाज वाटायची, अजून वाटते.

निवृत्तीनंतर साहेबांनी आरोपींची वकिली धरली. गरिबांचे खटले ते फुकट लढतात. "साक्षीदार वाटेत आहे, जरा थांबावं," म्हणून परवापरवापर्यंत आपल्या हाताखाली असलेल्या न्यायाधीशांपुढे हात जोडतात. लोक देवमाणूस म्हणतात. ते ऐकलं की साहेब मान खाली घालतात. अशिलांना मात्र बजावतात, "मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कबुली तर मुळीच द्यायची नाही."

आज सकाळी त्या कामगाराची थोरली बहीण आली. निकालाचा कागद तिने टेबलावर ठेवला.

"खाली नाव तुमचंच आहे ना? फाटकावरची ती बाई म्हणते, पाचचे टोले पडले तेव्हा ती जिन्यातच होती. मग एकच सांगा. त्या दिवशी खरंच पाच वाजले होते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आतल्या दारात बाईसाहेब चहा घेऊन थबकल्या होत्या.

"नव्हते," साहेब म्हणाले. "दहा कमी होते. मला त्याच दिवशी कळलं होतं."

बाईसाहेबांनी कपबशा तिथेच खाली ठेवल्या. बहीण मात्र रडली नाही, ओरडली नाही.

"लिहून द्याल?"

"देतो. अर्जही करू. मला तो लढता येणार नाही, पण साक्षीला मी उभा राहीन. त्याला बाहेर काढू."

"तो बाहेरच आहे, साहेब. सातही वर्षं भोगून मागच्या महिन्यात आला. एवढी माणसं म्हणतात तर लावली असेल मीच आग, असं म्हणायला लागलाय आता. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

साहेब उठले. कोट न घालताच ते तिच्या मागोमाग बाहेर पडले.

मी इथेच आहे. मला पाय असते तर मीही गेलो असतो. त्याच्यासमोर उभं राहून एकदा सांगायचं होतं, बाबा रे, तू नाही लावलीस.