पार्गेटरच्या छापखान्यातली झडती

“टोपी काढ,” मिसेस ग्रिंडल म्हणाली.

“टोपीत काय लपवणार मी?” नोरा डेव्हलिनने विचारलं. “बूट काढायला लावलेत, मोजे काढायला लावलेत. आता पुरे झालं.”

“सगळ्यांनी काढल्यात. तू कोण मोठी राणी लागून गेलीस?”

मेलबर्नच्या पार्गेटर छापखान्यात बँकांच्या नोटा आणि चेक छापले जात. त्या दिवशी दुपारी पाच पौंडांच्या नोटांचा एक छापील कागद कमी भरला. एका कागदावर चार नोटा. लगेच दारांना कुलपं लागली आणि मॅनेजर लस्कने सगळ्या बायकांना कागद वाळवायच्या खोलीत उभं केलं. झडतीसाठी ही ग्रिंडलबाई बोलावली गेली; पूर्वी ती तुरुंगात बायकांवर पहारा द्यायची. छापणाऱ्या पुरुषांना कुणी हात लावला नाही. ते आपापल्या प्रेसपाशी, शाईने काळे झालेले हात लोंबकळत सोडून उभे होते. खोलीचं दार लस्कने मुद्दामच उघडं ठेवलं होतं. लपवाछपवी नको म्हणे.

नोरा नेड क्विलच्या प्रेसवर कामाला होती. नेड नोटा कोरलेल्या गरम प्लेटला शाई लावायचा, जास्तीची तळहाताने पुसायचा. मग नोरा स्वच्छ हातांनी ओलसर कागद प्लेटवर अलगद टेकवायची आणि नेड चाक ओढायचा. कागद जरा सरकला की नोटा वाया. इतकी वर्षं दोघांनी हे केलं होतं, की दिवसभर एक शब्द बोलावा लागत नसे.

ग्रिंडलबाईने वाट पाहिली नाही. हात घातला आणि टोपी ओढली.

टायफॉइडच्या साथीत नोराचा नवरा गेला होता आणि तिचे केसही. नवऱ्यासाठी ती चारचौघांत रडली होती. केसांचं तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. डोक्यावर इथे-तिथे चार पांढुरक्या बटा होत्या, बाकी सगळं उघडं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ग्रिंडलबाईने टोपीचं अस्तर टराटरा उसवून पाहिलं.

नोराने दारातून नेडकडे पाहिलं. नेड छताकडे बघत होता.

तेवढ्यात बाहेरचं कुलूप उघडलं आणि धाकटे साहेब, हर्बर्ट पार्गेटर, शीळ घालत आत आले. जेवून आले होते, चेहरा लालबुंद होता.

“हा काय तमाशा? दारं का लावलीत?”

“एक कागद गेलाय, साहेब.”

“अरे, तो! माझ्याकडे आहे. क्लबात होणाऱ्या सासऱ्यांना दाखवायला नेला होता.” त्यांनी कोटातून घडी काढली. “सांगायचं राहूनच गेलं बघ.”

लस्क सुटल्यासारखा हसला. “मिळाला एकदाचा! चला गं, लागा कामाला.”

बायका बूट शोधू लागल्या. नोरा अनवाणीच दारापर्यंत चालत गेली आणि धाकट्या साहेबांची वाट अडवून उभी राहिली.

“खिसे दाखवा,” ती म्हणाली.

“काय?”

“कागद तुमच्याकडे सापडला. आमच्याकडे काही नव्हतं, तरी आमचं सगळं काढून बघितलंत. आता तुमचे खिसे. सगळ्यांसमोर.”

“डोकं फिरलंय का हिचं?” हर्बर्ट लस्ककडे वळले.

“फिरलंय! बघा ना, उघडंच आहे डोकं. नीट बघून घ्या!” तिचा आवाज पार प्रेसांपर्यंत गेला. कुणी हललं नाही. बायकाही थांबल्या, एकीच्या हातातला बूट हातातच राहिला.

आवाज ऐकून म्हातारे पार्गेटर ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी एकदा नोराच्या डोक्याकडे पाहिलं, एकदा बंद पडलेल्या प्रेसांकडे.

“हर्बर्ट, खिसे उलटे कर.”

“बाबा!”

“कर म्हणतो ना. प्लेटा गार पडतायत.”

रुमाल निघाला, पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या, नाटकाची दोन तिकिटं निघाली.

“बूट,” नोरा म्हणाली.

हर्बर्टनी बापाकडे पाहिलं. बापाने मान हलवली. धाकटे साहेब खोक्यावर बसून बूट काढू लागले. एका मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर आला होता. कुणीच हसलं नाही.

“झालं समाधान?” म्हातारे म्हणाले. “आता चालती हो. आणि शिफारसपत्र मागायला येऊ नकोस. शहरातला एकही छापखाना तुला दारात उभी करणार नाही, ते मी बघतो.”

नोराने बूट उचलले. नेडच्या प्रेसवरून जाताना तो हळूच म्हणाला, “कशाला वाढवलंस, नोरा? मिळाला होता ना कागद.”

“‘तिची टोपी राहू द्या.’ एवढंच म्हणायचं होतंस, नेड. तुझ्या तोंडात काय शाई भरली होती?”

नेडने हात फडक्याला पुसले. ते पुसून निघणारे नव्हते.

बाहेर वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा गरम वारा धूळ उडवत होता. नोरा पायरीवर बसून बूट चढवू लागली. तिचं उघडं डोकं बघून एक बाई आपल्या मुलीला ओढून रस्त्याच्या पलीकडे गेली. भिंतीपलीकडे एकेक करून प्रेस सुरू झाले. नेडच्या चाकाची करकर त्यांत नव्हती. नोरा नाडी हातात धरून ऐकत राहिली.

थोड्या वेळाने तीही सुरू झाली. तिच्या जागी कुणीतरी कागद ठेवत होतं.

तिने गाठ मारली आणि उठली.