कालच पोचवलेली मुलगी

पळून गेलेली पोरं त्यांच्या राज्यात नेऊन सोडायची, हे माझं काम. दोन राज्यांत तसा करारच आहे. त्यांनी आमची पाठवायची, आम्ही त्यांची. त्यापायी माझे निम्मे दिवस गाडीत जातात. लेक म्हणते, आई, तू आपल्याकडे पाहुणीच आहेस. मला राग येतो, कारण ती खरं बोलते.

त्या दिवशीची मुलगी सातवीतली, हनुवटीवर टाक्यांचा व्रण, तिसऱ्यांदा पळालेली. आधी तोंड फुगवून बसली. सीमा जवळ आली तशी म्हणाली, आता नाही पळणार, आईला तसं सांगणार आहे. काय सांगायचं याची तालीमही तिने माझ्यासमोर केली. मला फार बरं वाटलं.

नाक्यावर पलीकडचा हवालदार मुलं ताब्यात घेतो. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"मॅडम, हिला तुम्ही कालच सोडून गेलात की."

सकाळी सकाळी थट्टा नको, असं मी त्याला सुनावलं. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. मी तणतणत गाडीत बसले आणि मुलीला स्वतःच तिच्या घरी घेऊन गेले.

आमची एक रीत आहे. दारात पोराने हाक मारायची, आईने ओ द्यायची, मगच आम्ही त्याचा हात सोडतो. मुलीने हाक मारली. दार उघडलं, पण आईने ओ दिली नाही. तिच्या मागे, टेबलाशी, हीच मुलगी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तीच वेणी, तेच डोळे. हनुवटी मात्र गुळगुळीत. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, शहाण्यासारखं हसली आणि पुढची घडी घातली.

आई पुढे झाली. तिने अंगठा हलकेच त्या व्रणावरून फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. तिने ओळखलं होतं, यात शंकाच नव्हती.

"आई, मी आता नाही पळणार," मुलगी म्हणाली.

आईने मागे वळून पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिला घेऊन जा. आतली पळत नाही."

दार लागलं. हात माझ्याच हातात राहिला.

गाडीत मुलगी रडून रडून थकली. मग तिने विचारलं, "काल तिला सोडायला आलेल्या बाई आता कुठे असतील?"

मी घाईघाईने घरी फोन लावला. लेकीने उचलला. मी तिला हाक मारली.

"आई, आतल्या खोलीतून कसला फोन करतेस?" ती म्हणाली आणि हसली. इतकं मनापासून हसताना मी तिला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.