गिरधरच्या गाडीचं सरकतं झाकण

गिरधरच्या पिकअपला झाकण बसलं, तेव्हा बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात चार दिवस दुसरा विषय नव्हता. गाडी तशी जुनीच, लढाई संपल्यावर लिलावात निघालेली लष्करी. पण मागच्या हौद्यावरचं झाकण मात्र गिरधरच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं. जाड कॅनव्हासवर ठोकलेल्या सागाच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा आणि केबिनच्या पाठीशी एक रूळ. कडी ओढली की झाकण सरसर येऊन हौदा बंद, मागे लोटलं की गुंडाळी होऊन गप्प. स्टेशनवर केळी वॅगनीत भरायला गाडी लागली की माणसं काम टाकून बघायला यायची, आणि कुणी म्हटलं नसतानाही गिरधर ते उघडून-मिटून दाखवायचा.

आता हौस आणि उपयोग यांचं जमतंच असं नाही. उन्हात झाकण मिटलं की आत भट्टी व्हायची आणि केळी वॅगनीत चढण्याआधीच पिवळी पडायची. पावसात पट्ट्या फुगायच्या. तापीच्या पात्रातली रेती खाचेत गेली की झाकण अर्ध्यावर रुसून बसायचं, मग गिरधर एरंडेलाची वाटी घेऊन त्याची मनधरणी करत बसे. त्याची बायको अलका म्हणायची, "एवढी सेवा तुमच्या मायची केली असती तं पुण्य लागलं असतं." गिरधर ते हसण्यावारी न्यायचा, पण बोल त्याला लागायचा.

कारण माय, गोदाबाई, नदीपलीकडे जैनाबादला धाकट्या यादवकडे राहत होती. शेती यादवची, केळीचा व्यापार गिरधरचा आणि माय शेतीबरोबर, अशी ती न बोलता झालेली वाटणी. राज्यांची फेरवाटणी होऊन नागपूरचा कारभार भोपाळला गेला, ते हे साल. बुऱ्हाणपुरातल्या मराठी माणसांना तेव्हा आपण कुणाच्या तरी हिश्शाला आलो असं वाटत होतं, आणि त्याच साली गोदाबाईही दुसऱ्याच्या हिश्शाला आली. यादवची बायको निर्मला आणि ती, दोघींचं चुलीवरून रोज वाजायचं. शेवटी होळीच्या सुमाराला यादवनं निरोप धाडला, मायला घेऊन जा.

माय येणार याचं गिरधरला दुःख नव्हतं, खरं तर बरंच वाटलं होतं. धास्ती होती ती लोकांची. पोरांनी माय वाटून घेतली, एवढं एक वाक्य जैनाबादच्या पारावर बोललं गेलं की घराण्याची अब्रू गेली, असं त्याच्या मनानं घेतलं. म्हणून तो भल्या पहाटेच गाडी घेऊन गेला.

गोदाबाई गाठोडं बांधून बसलेली होती. तिनं आयुष्यात दागिना मागितला नाही, तीर्थयात्रा मागितली नाही. पण जैनाबादेत एकही मयत तिच्यावाचून निघाली नव्हती. कुणाच्या घरी रडं पडलं की गोदाबाई पहिली हजर. अंघोळ घालायला ती, पोराबाळांना भाकरी करून घालायला ती. आपल्या वेळेला सारा गाव मागं चालेल, हीच तिची कमाई होती आणि ती हे बोलूनही दाखवायची.

"चार दारं फिरून येते," ती म्हणाली. "येते म्हणून सांगते, मंग निघू."

"आता नको, माय. लोक पन्नास गोष्टी विचारतील. फालतू बदनामी होईल. येत्या रविवारी आणतो ना तुले, तव्हा भेट सगळ्यांले."

"न सांगता बाई फक्त तिरडीवरून जाते रे, बाबा."

गिरधरनं ते कानाआड केलं. हौद्यात गोधडी अंथरली, मायला बसवलं आणि झाकण ओढलं. आतून आवाज आला, "थोडंसं उघडं ठेव." वेशीपर्यंत तरी नको, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं. केळी चालली आहेत असंच लोकांना वाटेल, अशी त्याची अक्कल. दारात यादव मान खाली घालून उभा, निर्मलाच्या डोळ्यांना पदर. तो पश्चात्तापाचा होता की सुटकेचा, ते तिचं तिला ठाऊक. समोर रंभाबाई सडा टाकत होती. ती गोदाबाईची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. तिनं बंद गाडी पाहिली, यादवची खाली गेलेली मान पाहिली, आणि तिच्या हातातलं पाणी सांडलं.

पात्र ओलांडून गिरधरनं झाकण उघडायला घेतलं, तर ते रेतीनं जाम. मग तसाच घरापर्यंत आला. सिंधीपुऱ्यात त्याचा मुनीम गजानन यानं पहार घालून ते मागे लोटलं तेव्हा माय घामानं निथळत होती. पदरानं तोंड पुसून ती आपणच खाली उतरली. गिरधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी सुटलो असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं माणसाला.

पुढं दोनतीन दिवस झाले असतील. दुपारी दाराशी बैलगाडी थांबली आणि गल्लीत एकदम रडण्याचा हेल उठला. डोक्यावरून पदर घेतलेल्या जैनाबादच्या बाया रडत, ऊर बडवत आत शिरल्या, पुढं रंभाबाई. एकीच्या डोक्यावर पिठलं-भाकरीची टोपली होती, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. पहाटेची वेळ, झाकलेली गाडी, घरच्यांचे पडलेले चेहरे. यादवला विचारावं तर तो लाजेनं तोंड उघडेना. गावानं जो काय तो अर्थ काढला होता.

गोदाबाई ओसरीवर डाळ निवडत बसली होती.

रंभाबाईचा हेल घशातच तुटला. एक बाई मटकन खाली बसली. सगळ्यांनी गिरधरकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "कावळा शिवला होता मायले. यादवच्या अंगणात. म्हणून मीच खोटी बातमी जाऊ दिली."

बायांचा जीव भांड्यात पडला. कावळा शिवला की मरणाची खोटी बातमी धाडायची, नात्यागोत्यातल्यांनी रडून घ्यायचं, म्हणजे आलेलं संकट टळतं, हे कुणाला माहीत नव्हतं? रडता रडता हसू आलं सगळ्यांना. "आता शंभर वर्षं जगते तू, गोदे," रंभाबाई म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. पिठलं-भाकरी तिथंच बसून सगळ्यांनी खाल्ली. निघताना तिनं हळूच विचारलं, "खरंच शिवला का गं?"

गोदाबाईनं लेकाकडे एकदा पाहिलं. "हाव," ती म्हणाली. "लई मोठा होता."

बाया गेल्यावर ती पुन्हा डाळीपाशी बसली. "माझ्या नावाचं रडणं तू आजच संपवलं रे, गिरधर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर गिरधरला सोसला असता.

त्यानं ते झाकण उपटून काढलं, पट्ट्या बंबात घातल्या. रविवारी उघड्या गाडीतून जैनाबादला नेतो म्हणून विनवण्या केल्या. ती जाईना. "माझ्या नावानं रडून गेल्या त्या, आता कोणत्या तोंडानं जाऊ त्यांच्या दारी?" पुढचे सगळे रविवार असेच गेले. तिकडून यादवही फिरकला नाही. आपल्या अंगणाला अपशकुनी ठरवून दादा चांगला बनला, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

मार्गशीर्षात गोदाबाईला ताप भरला आणि तापातच ती गेली. आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, म्हणून गिरधरनं गजाननला जैनाबादला पिटाळलं. तो गेला तसा एकटाच परत आला.

"शेट, यादवभाऊ कापसात होते. म्हणे, दादाले सांग, कावळे हाकलत जा."

"आन रंभाबाई?"

गजानन अडखळला. "हसल्या. म्हणे, पुन्हा शिवला का? एकदा रडलो आम्ही, आता तिलेच म्हणा येऊन भेट. मंग मी मुलाबाळांची शपथ घेतली, शेट. म्हणे, शपथ घ्यावीच लागते अशा वेळी, तव्हाच संकट टळते."

गिरधर वाट पाहत राहिला. दिवस कलला तसे भटजी घाई करू लागले. गल्लीतली माणसं स्टेशनवर केळी भरायला गेलेली, उचलायला खांदे कमी पडत होते, म्हणून घाटाजवळच्या लाकडवाल्याला बोलावून आणलं. चिता रचून झाली तेव्हा भटजींनी विचारलं, "धाकटा कुठं आहे?"

"त्याले खरं वाटत नाही," गिरधर म्हणाला. "आम्ही मागं एकदा खोटं बोललो होतो." त्या 'आम्ही'ची त्याला तिथल्या तिथं लाज वाटली. "मी बोललो होतो," तो म्हणाला आणि त्यानं अग्नी हातात घेतला.

चिता धडधडून पेटली. पाणी उतरलेलं होतं, पलीकडचा जैनाबादचा काठ स्वच्छ दिसत होता. संध्याकाळच्या पाण्याला बाया आल्या होत्या. एकीनं इकडचा जाळ दुसरीला दाखवला. मग सगळ्यांनी घागरी खाली ठेवल्या, परक्या मयतीला जोडतात तसे हात जोडले आणि घागरी डोक्यावर घेऊन त्या घराकडे वळल्या.