टिलमनच्या नावावरची पट्टी

डोलोरेसने सॉसेज उलटवायचा चिमटा भावाच्या, गसच्या हातात दिला, जाकिटाच्या खिशातून रुपेरी चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि मला म्हणाली, "मास्तर, पाठ फिरव."

मी फिरवली नाही. सामन्याआधी सगळे खायला-प्यायला जमतात त्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये, तिच्या ट्रकच्या मागे, कागदी ताटली धरून तसाच उभा राहिलो. मी कधी कुणाचा मास्तर नव्हतो. ग्रंथालयात पुस्तकं लावून निवृत्त झालो, पण हातात नेहमी पुस्तक असतं म्हणून ही दोघं मला मास्तर म्हणतात.

आमच्या गावात जर्सी कुणी टाकून देत नाही. खेळाडूने निराशा केली की पाठीवरच्या नावावर पट्टी लावतात. आकडा उघडा ठेवायचा, कारण आकडा संघाचा. डोलोरेसच्या पाठीवर 'टिलमन' झाकलं गेलं होतं. गसच्या पाठीवरही. उरलो होतो मी.

"आजचा दिवस बघू या का?" मी विचारलं.

"हेच तू मागच्या रविवारी म्हणालास," गस म्हणाला. "त्याच्याही मागच्या रविवारी म्हणालास. दर वेळी आम्ही बघतो, आणि दर वेळी समोरचा गडी त्याच्या अंगावरून पळत जातो. बघून बघून डोळे गेले माझे."

"आणि जर्सी घ्यायला लावली कुणी?" डोलोरेस म्हणाली.

हे खरं होतं. ऑगस्टमध्ये आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव लोकांना बघायला खुला असतो. मी गवताच्या उतारावर पुस्तक घेऊन बसलो होतो. टिलमन बचावफळीत अगदी कडेला खेळतो. समोरचा जो गडी चेंडू झेलायला पळतो त्याला चिकटून राहायचं आणि झेल होऊ द्यायचा नाही, एवढं त्याचं काम. त्या दिवशी त्याने एकही झेल होऊ दिला नाही. पुस्तक मिटून मी बघतच राहिलो. पहिल्या सामन्याला या दोघांना म्हणालो, "हा मुलगा यंदा गाजणार." इतकं ठाम मी जन्मात काही बोललो नव्हतो. बहुधा म्हणूनच त्यांनी ऐकलं.

सरावात कुणी कुणाला धडक देत नाही, चेंडू फेकणाऱ्याला हात लावत नाहीत, ऑगस्टमध्ये बरेच जण असे भारी दिसतात, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. मग मी तसं का बोललो?

"बरं, ऐक," डोलोरेस रीळ खिशात ठेवत म्हणाली. "मध्यंतरापर्यंत मुदत. त्यानंतर पट्टी नाही, तर आमच्या रांगेत बसायचं नाही. आमच्या मावसभावाला तुझी खुर्ची कधीपासून हवीये."

गस हसला. ती हसली नाही. थट्टा होती की खरंच, मला कळेना. माझी बायको आयरिस गेल्यापासून आठवड्यात मी धड बोलतो ते या दोघांशी, रविवारी. बाकीचे दिवस दुकानातल्या बाईला "पिशवी नको" म्हणतो, तेवढंच.

सामना सुरू झाला आणि मी ठरवलं, चेंडूकडे बघायचंच नाही. फक्त टिलमनकडे बघायचं. पण त्यामुळे माझा गोंधळ काही कमी झाला नाही. सगळे उठून ओरडत तेव्हा तो भलतीकडेच, कुणाच्या तरी मागे धावत असायचा आणि तिकडे चेंडू आलेलाच नसायचा. हे चांगलं की वाईट? चेंडू येत नाही म्हणजे त्याने वाट अडवली, की त्याची आठवणच कुणाला झाली नाही?

मग एकदा आला. समोरचा उंच गडी सुसाट निघाला, टिलमन थोडा वेळ त्याच्या बरोबर पळाला आणि मध्येच थांबून मागे बघायला लागला. उंच गड्याने आरामात झेल घेतला. टचडाउन, त्यांना सहा गुण. टिलमनने दोन्ही हात पसरून मागच्या आपल्या सहकाऱ्याकडे बघितलं.

"बघा, बघा! आता दुसऱ्यावर ढकलतोय!" गस किंचाळला. "अरे, पळ की! हात कसले पसरतोस, भीक मागतोस का?"

"मला वाटतं," मी म्हणालो, "पुढे त्या उंच गड्याला मागच्याने सांभाळायचं असेल. तसं ठरलं असेल त्यांचं."

"असेल?"

"असू शकेल."

"मास्तर, तू वकील झाला असतास तर तुझे सगळे अशील फासावर गेले असते," डोलोरेस म्हणाली. पुढच्या रांगेतले दोघे वळून हसले. माझे कान तापले.

मध्यंतराच्या जरा आधी चेंडू पुन्हा त्याच्याकडे आला. तोच उंच गडी, हात वर, चेंडू बोटांना लागलेला. आणि मला दिसलं की टिलमनने मागून हात घालून तो टोलवला. चेंडू गवतावर पडला.

"अडवला!" मी उभा राहिलो. "त्याने अडवला!"

"कसला अडवला? त्याच्याच हातून निसटला," गस म्हणाला.

आम्ही तिघांनी मोठ्या पडद्याकडे बघितलं. तिथे तेच पुन्हा दाखवत होते, पण नेमकी मधे पंचाची पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातली पाठ. हात दिसला नाही.

डोलोरेसने रीळ बाहेर काढलं, पण पट्टी सोडवली नाही. माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "तू बघितलंस? नक्की?"

'हो' म्हटलं असतं तर बस होतं. ती माझं ऐकणार होती, तिच्या चेहऱ्यावरच ते होतं. पण आता मला तो हात खरंच आठवत होता, की तो असावा असं मला वाटत होतं? ऑगस्टमध्येही मी असाच बघत होतो.

"बहुतेक," मी म्हणालो.

गसने कपाळाला हात लावला. मी डोलोरेसकडे पाठ केली. तिने नावावर पट्टी लावली, नखाने कडा दाबल्या आणि पाठीवर हलकी थाप मारली. आजारी माणसाला मारतात तशी.

दुसऱ्या अर्ध्या भागात टिलमनला बाहेर बसवलं. त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराला उंच गड्याने लागोपाठ दोनदा गुंगारा दिला. आता ओरडायला कुणाचं नाव घ्यावं, हे आमच्या रांगेत कुणालाच सुचेना. गस नुसताच "अरे, अरे" करत राहिला. स्टेडियममागच्या तळ्यावरून वारा सुटला होता. डोलोरेसने गुडघ्यावरच्या घोंगडीचं एक टोक माझ्याकडे सरकवलं.

"मावसभावाला काय सांगणार?" मी विचारलं.

"कुठल्या?" ती म्हणाली.

सामना हरून आम्ही जिन्याने खाली उतरत होतो. गर्दीत गसने माझी बाही धरली. "मास्तर, पुढच्या वर्षी कुणाची जर्सी घ्यायची?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करत होता का? वाटत तर नव्हतं. पण मला काय वाटतं याचा आता मलाच भरवसा नव्हता.

"अजून वर्ष आहे," मी म्हणालो.

"तरी सांग ना."

डोलोरेसही थांबली होती. मागचे लोक ढकलत होते. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, माझ्या तोंडात एक नाव तयार होतं.