बिनदेव्याची शपथ

नवऱ्याचं नाव बायकोनं घ्याचं नसते म्हनतात. मी घेते. पुंजाराम. त्याले नावानं हाक मारनारं आता कोनी उरलं नाई, मंग मी बी लाजत बसली तं ते नाव कोन घीन? मी पार्बता, हिवरखेडच्या माळ्याची सून. भाऊ लय अन् मळा येवढासा, म्हनून हा परतवाड्याच्या छावनीत जाऊन शिपाई झाला, अन् मी त्याच्या मांगं लायनीत राहाले गेली. लायन म्हनजे शिपायायच्या खोल्यायची रांग. एकाच्या चुलीवर काय शिजते ते चार घरं पलीकडं समजे.

त्या साली कापसानं वऱ्हाड येडं करून टाकलं होतं. अमेरिकेत का कुठं लढाई लागली, अन् इकडं मूर्तिजापुराकडच्या बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या आल्या. आमचा सुभेदार उत्तमराव तिकडचाच. घरी काळीभोर जमीन, अन् कापसानं छाती फुगलेली. त्यानं लायनीतल्या देवीले चांदीचे डोळे वाहिले, वाजतगाजत. शेषराव गुरवानं ते मूर्तीले बसवले अन् अख्खी पलटन पाया पडली. सुभेदार देवीले असा खेटून उभा होता का लोक नेमके कोनाच्या पाया पडून राहिले, तेच समजेना.

आमचा मानूस पाया पडला नाई.

तो काई देवाले शिव्या देनारा नव्हता, बरं का. भरती होताना गंगाजळावर हात ठेवून सरकारची शपथ त्यानं बी खाल्ली होती. तवा पोरगं होता, म्हन म्हनलं ते म्हनलं. मंग अकोल्याले पटकीची साथ आली अन् पलटनीतले मुडदे उचलाचं काम याच्या वाट्याले आलं. वापस आला अन् मले म्हने, "पार्बता, नवस केला तो बी मेला अन् नाई केला तो बी मेला. मले तं देव कुठं दिसला नाई." बस, येवढंच. तवापासून हात जोडनं बंद. मी म्हनो, "जोडा ना वो, हाताले काय होते?" तं म्हने, "हाताले काई होत नाई. मले लाज वाटते." असा भैताड मानूस.

लायनीत त्याचं नाव पडलं बिनदेव्या. आधी थट्टा झाली, मंग थट्टेचं भलतंच झालं. कवायतीहून आला का जोड्यात शेन. तहान लागली तं त्याच्याच जातीच्या मानसायनं लोटा त्याच्या हाती देऊ नये, वरून आंजळीत ओतावं अन् अर्धं खाली सांडावं. दसऱ्याले बकऱ्याचं रक्त बंदुकीले लावाची रीत. यानं नाई लावलं, तं खुशालराव हवालदारानं दोघा-तिघायले घेऊन याले खाली पाडलं अन् तेच रक्त याच्या तोंडाले चोपडलं. मी धुतलं ते. दाताच्या फटीत गेलं होतं. मी रडून राहिली अन् हा म्हने, "बकरा चांगला पोसलेला होता." हसला मेला!

विहिरीवर बाया मले म्हनत, "तुह्या नवऱ्याच्या पायानं पलटनीवर काई आलं तं?" मी काई कमी नाई. मी म्हनो, "तुह्या नवऱ्याच्या तोंडाचा वास विहिरीपर्यंत येते, ते पाह्य आधी." पन घरी येऊन घागर अशी आदळो का विचारू नका. राग त्यायचा यावा का याचा, तेच मले समजत नव्हतं.

वैशाखात एका सकाळी आरतीच्या वक्ताले शेषराव गुरव बोंबलत भाईर आला. देवीचे डोळे गेले! देवळाजवळचा पहारा आदल्या दिवशी दुपारी आमच्या मानसाचा होता. झालं! ज्याले देवाचं भेव नाई त्यानंच नेले, असं लोकायनं तोंड धुवाच्या आधीच ठरवून टाकलं. माही खोली झाडली, पिठात हात घातले, माही गोधडी उसवली. काई सापडलं नाई. तं म्हने, गाडले असतील.

सुभेदार म्हने, पलटनीची रीत आहे, सगळ्यायनं शपथ खा. जो खानार नाई तो चोर. लिंबाखाली साहेबाले खुर्ची टाकली. आमचा गोरा साहेब असा का शिपायायच्या देवाधर्मात कधी पडत नसे, समोर बसून फक्त पाहे. तांब्याच्या गडव्यात गंगाजळ, त्यात तुळशीचं पान, अन् मांगं ती बिनडोळ्याची देवी. एकेकानं जाऊन पान्यात बोटं बुडवाची अन् म्हनाचं, "मी घेतले असतील तं माहे डोळे फुटो." भराभर म्हनून राहिले होते सारे. खुशालराव हवालदारानं माही कोंबडी खाऊन याच देवीची शपथ घेतली होती का म्या पिसबी पाहिलं नाई. तो बी म्हनून आला. त्याचे डोळे टकटक जाग्यावर.

मंग हा गेला. पान्याजवळ उभा राहिला अन् बोटं काई बुडवेना.

"डोळे मी घेतले नाईत," तो म्हने. "हे खरं सांगतो. पन देवीच्या नावानं सांगता येत नाई. मी तिले मानत नाई. तिची शपथ घेतली तं तुमाले फसवल्यासारखं होईल."

अरे बापा, काय गलका उठला! मारा, हाना, धरा. साहेबानं हात वर केला अन् मुनशीमार्फत इचारलं, मंग तू कोनाले मानतं? मुसलमानाचं कुरान पायजे? किरिस्ताव आहेस का, माही पोथी देऊ?

"कोनालेच नाई, सरकार."

साहेबाचं तोंड आंबट झालं. त्याले आमचा देव चाले, मुसलमानाचा चाले, त्याचा सोताचा तं होताच. बिनदेवाचा मानूस मात्र त्याले बी चालेना. मुनशीनं सांगतलं, साहेब म्हनतात, ज्याच्यावर कोनीच नाई त्याच्या शब्दाले काय किंमत? उद्या सकाळी शपथ खा, नाईतं टिकटी.

टिकटी म्हनजे तीन लाकडायची घोडी. तिच्यावर मानसाले हातपाय बांधून उघड्या पाठीवर फटके मारत. मी एकाले पाहिलं होतं. त्याचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाई, बायको घास भरवे त्याले. दुसरा एक तं दवाखान्यातूनच मसनात गेला. म्हनून त्या दिवशी दुपारी मी याच्यासमोर बसली. पाया नाई पडली, गळाबी काढला नाई. भांडली.

"लय खरे लागून गेले तुमी! तुमच्या खरेपनाले मी चाटू का? उद्या पाठ फुटीन, ते खरेपन येईन का हळद लावाले?"

"घेतले नाईत म्हनून सांगतलं ना मी."

"सांगतलं, पन आयकलं कोन? बरं, मले सांगा. गंगाजळ म्हनजे काय?"

"पानी."

"अन् तुळस?"

"पाला."

"मंग पान्यात बोट बुडवून चार शब्द बोलाले तुमचं काय जाते वो? देव असता तं त्याचं भेव. तुमच्या लेखी तं नाईच ना तो? डोळे घेतले नाईत हे खरं आहे, तेच बोलाचं आहे. पानी काय तुमची जीभ जाळनार आहे?"

तो मंग हसला, अन् त्यात काई कडूपना नव्हता. "हे मले काऊन सुचलं नाई?" म्हने. "तू पलटनीत पायजे होती, पार्बता." त्या दिवशी तो पोटभर जेवला. मले वाटलं, जिंकली मी.

सकाळी तो सरळ चालत गेला, पान्यात बोटं बुडवली अन् सगळ्यायले आयकू जाईन असं बोलला, "मी घेतले असतील तं माहे डोळे फुटो." मी बायायमंधी उभी होती. माहा जीव भांड्यात पडला, म्हनलं सुटलो.

तं सुभेदार हसून राहिला.

"साहेब," तो म्हने, "काल यानंच तुमच्यासमोर सांगतलं का शपथ खाल्ली तं ती फसवनूक होईल. आज यानं फसवलं. ज्याच्या लेखी गंगाजळ पानी अन् तुळस पाला, त्याची शपथ कशाची? चोरी बी केली अन् देवीसमोर खोटं बी बोलला."

माहेच शब्द होते ते. कोनी चोरून आयकले नव्हते, त्याले आपल्या मनानंच सुचले. मी ओरडली, "काल नाई खाल्ली तं चोर, आज खाल्ली तरी चोर, मंग त्यानं कराचं काय होतं रे मुडद्यायनो?" माह्याकडं कोनी मान वळवली नाई. साहेबानं मुनशीचं आयकलं, मान हालवली, घड्याळ पाहिलं.

बांधलं त्याले. खुशालराव हवालदारानं सोता मांगून चाबूक घेतला. मी सांगनार नाई किती मारले, मी मोजाले उभी नव्हती. पयल्या फटक्याले तो म्हने, "घेतले नाईत." दुसऱ्याले बी तेच. मंग शब्द मोडत गेले. देवीची माफी माग, सुभेदार दर थोड्या वेळानं म्हने. बाकीचे "जय देवी" म्हनत अन् फटका पडे, कोनी टाळ्या वाजवून राहिलं होतं. ज्यायच्या मुडद्यायले यानं अकोल्याले खांदा देला त्यायचे भाऊ होते त्यात. पाठीचं काई उरलं नाई. सोडला तवा तो खाली पडला. त्याच्या अंगावरचा बिल्ला काढून घेतला, नाव कापलं, अन् आमाले खोली खाली कराले सांगतली. तो उठू शकत नव्हता म्हनून थोडी मुदत देली. उपकार केले भाडखाऊंनी!

वैशाखाचं ऊन, माशा, अन् उघडी पाठ. मी हळद लावो, लिंबाचा पाला लावो, पदरानं वारा घालो. पाठीत किडे पडले. मी काडीनं काढो अन् तो पालथा पडून दात खाई. तापात एकच बडबड, "खोटं नव्हतो बोललो ना मी?" मी म्हनो, नाई वो, नाई. तं थोडा वेळ गप राही.

मंग एक दिवस देवळाकडं ढोल वाजले. झाडलोट करनारी तानुबाई देवळामांगच्या खड्ड्यातलं वाळलेलं निर्माल्य उकरून राहिली होती, तं हाराच्या गुंत्यात तिले चांदीचे डोळे सापडले. दोन्ही. मी तशीच पळत गेली. सुभेदाराच्या तळहातावर होते ते. मांगच्या बाजूले मेन, अन् मेनाले फुलाची पाकळी चिकटलेली. शेषराव गुरवानं डोळे मेनानं बसवले होते. उनानं मेन पातळ झालं, डोळे हारात गळले, अन् सकाळी त्यानंच हार उचलून खड्ड्यात फेकले. चोर नव्हताच कोनी!

"पाहा!" मी ओरडली. "मेन पाहा, पाकळी पाहा! काय गा शेषराव, तूच फेकले ना?"

गुरव आपल्या पायाच्या बोटाकडं पाहत राहिला. सुभेदारानं ते डोळे कपाळाले लावले.

"चोराले फटके बसले तवा देवीचा कोप गेला," तो म्हने, "अन् तिनं आपले डोळे आपन वापस आनले. आता कोनाले काई इचाराचं आहे?"

कोनालेच काई इचाराचं नव्हतं. असा जयजयकार झाला का माहा आवाज मलेच आयकू आला नाई. चमत्कार झाला म्हनून साहेबानं पलटनीले सुट्टी देली. साखर वाटली. खुशालराव हवालदार रडत होता भक्तीनं.

घरी आली. त्यानं ढोल आयकले होते. "काय झालं?" म्हने.

"डोळे सापडले. निर्माल्यात."

किती दिवसानं त्याच्या तोंडावर काई आलं. कोपरावर उठाले पाहे. "मेन वितळलं असन," म्हने. हुशारच होता तो. "मंग? आता तं मानलं ना त्यायनं? मी खोटा नव्हतो, मानलं ना?"

काय सांगू मी, माय? तुमी काय सांगतलं असतं?

"मानलं," मी म्हनलं. "सुभेदार सोता म्हनला सगळ्यायसमोर, पुंजाराम खरा मानूस. माफी मागाले येऊन राहिला तो."

त्यानं डोळे मिटले. असं मोकळं तोंड मी त्याचं लग्नापासून पाहिलं नव्हतं. मी पानी पाजलं, घोट घोट पेला. मले बरं वाटून राहिलं होतं.

तेवढ्यात दारात शेषराव गुरव आला, हातात साखरेचा द्रोन. मी उठेपर्यंत बोलला बी. "घे बाई, सुभेदारानं पाठवला. देवीनं चोराले माफ केलं म्हना, प्रसाद द्या त्याले."

मी तो द्रोन त्याच्या तोंडावर मारला. वळून पाहिलं, तं आमचा मानूस माह्याकडं पाहून राहिला होता. गुरवाकडं नाई, माह्याकडं. मी म्हनलं, "आयका ना वो, तुमाले बरं वाटावं म्हनून..." त्यानं मान भिंतीकडं वळवली. दिवे लागेपर्यंत मी त्याच्या पाठीशीच बोलत होती. तो काई वळला नाई.