एका ठळक अक्षराची रुंदी

माझ्या अंगावर आठ काळ्या चिप आहेत. खालच्या कडेला दोन्ही बाजूंना मिळून एकशे अडुसष्ट सोनेरी दात आहेत, त्या कडेत दोन खाचा आहेत, आणि आत सहा कोटी एकाहत्तर लाख आठ हजार आठशे चौसष्ट खण आहेत. एका खणात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा एकच आकडा मावतो. मित्रांनो, मी संगणकाची जुनी स्मरणपट्टी. दुकानात मला चौसष्ट एमबीची रॅम म्हणत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात, सिलिकॉनच्या चकतीवर झाला. १९९९ साली मी गुडगावला आले. तेव्हा तिथे मोहरीच्या शेतांशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कार्यालयात मला बसवले, तेव्हा आसपासची माणसे खुर्च्या सोडून पाहायला आली होती. तीन वर्षांत माझ्या चौपट मोठ्या पट्ट्या आल्या आणि मी ज्या संगणकात होते तो जिन्याखाली गेला. वीज गेली की मी सारे विसरते, असे लोक म्हणतात. मी आकडे विसरते. माणसे विसरत नाही.

त्या कार्यालयात सिद्धांत नावाचा एक मराठी अधिकारी होता. जिन्याखालचे संगणक भंगारात जाण्याआधी त्याने मागून घेतले. बाकीचे त्याने दिल्लीच्या द्वारका भागातल्या रविवारच्या मराठी वर्गाला दिले. माझा संगणक मात्र तो घरी घेऊन गेला, वडिलांसाठी.

त्याचे वडील दीनानाथकाका पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. सारा जन्म दिल्लीत गेलेला. वर्गातली मुले घरी मराठी बोलत, पण लंबक, भिंग, तरफ असे शब्द आले की एकमेकांकडे पाहत आणि हिंदीत विचारत. म्हणून काकांनी मुलांसाठी मराठी विज्ञानकोश लिहायला घेतला. ते सांगत आणि कुमुदिनीकाकू टाइप करत. कोश लिहून झाला, आणि काकांच्या नजरेच्या मधोमध एक डाग दिसू लागला. सरळ रेघ त्यांना वाकडी दिसे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. कोश छापायला देण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी एकदा अथपासून इतिपर्यंत तपासायचा, हे काकांनी त्याच संध्याकाळी ठरवले. दुसरे कोणी तपासेल, असे सिद्धांतने सुचवून पाहिले. काका न ऐकल्यासारखे करून उठून गेले.

तनया वर्गात शिकवायला येई. पुण्याची, भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली, मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणारी. मुलांसाठी तिने एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा बनवली होती, तिच्यातल्या आज्ञा मराठीत होत्या. त्याच भाषेत तिने काकांसाठी कोश तपासायचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात अक्षरे तीन बोटे उंच दिसत. कोणताही शब्द शोधता येई, दुरुस्त करता येई, आणि चुकले तर मागे फिरता येई. मागे फिरता यावे म्हणून मी कोशाच्या दोन प्रती सांभाळत असे.

मजकूर मी कसा ठेवते ते ऐका. जगातल्या प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक दिलेला आहे. इंग्रजी ए पासष्ट क्रमांकाचा, तो एका खणात बसतो. आपला क दोन हजार तीनशे पंचविसावा, त्याला दोन खण लागतात. तनयाच्या भाषेचा नियम असा होता की मजकुरातल्या सर्वांत मोठ्या अक्षराला जितके खण लागतील, तितकेच प्रत्येकाला द्यायचे. सगळ्यांची रुंदी सारखी असली की दहा लाखावे अक्षर कुठे आहे ते एका गुणाकारात कळते. कोशात चोवीस लाखांवर चिन्हे होती. प्रत्येकी दोन खण, दोन प्रती, मिळून शहाण्णव लाख. माझ्यापाशी मजकुरासाठी दीड कोटी खण मोकळे होते. मला काहीच जड नव्हते.

काका रोज सकाळी उजेड चांगला असताना बसत. अ पासून फ पर्यंत तपासून झाले. ब मध्ये ‘बल’ ही नोंद आली. बलाला दिशा असते, म्हणून सूत्रात त्याचे इंग्रजी अक्षर ठळक छापतात. काकांनी तनयाला सांगितले की इथे साधा एफ चालणार नाही, गणितातला ठळक एफ हवा. युनिकोडमध्ये हे चिन्ह नुकतेच आले होते. तनयाने त्याचा आकार स्वतः काढून फॉन्टमध्ये घातला आणि ते चिन्ह नोंदीत बसवले.

संगणक अडकला. हार्ड डिस्क घरघरत राहिली, पडदा हलेना. बंद करून पुन्हा सुरू केला, तरी कोश उघडताच तेच.

सेक्टरातला दुरुस्तीवाला आला. त्याने मला बाहेर काढले, खोडरबराने माझे दात घासले, परत बसवले. फरक पडला नाही. “मेमोरी गई, अंकलजी. इसको फेंको,” एवढे सांगून तो गेला. सिद्धांतही म्हणाला की नवा संगणकच आणू, पुढच्या महिन्यात बघतो.

“आण की,” काका म्हणाले. “तोवर डोळ्यांना काय सांगू? आणि वर्गातल्या मुलांच्या मशिनी कोण बदलणार आहे?”

तनयाने मला फेकले नाही. वर्गातल्या एका संगणकातून माझ्याच मापाची दुसरी पट्टी आणून तिने माझ्या जागी लावली. मी टेबलावर पडून पाहत होते. ती पट्टीही तशीच अडकली. म्हणजे दोष माझा नव्हता. मग तिने मला पुन्हा बसवून अर्धा कोश उघडला आणि लागलेले खण मोजले. उरलेल्या अर्ध्याला दुप्पट खण लागले. त्याचे पुन्हा दोन भाग केले. असे करत करत ती एका नोंदीपाशी आली, आणि त्या नोंदीत एका चिन्हापाशी.

ठळक एफचा क्रमांक एक लाख एकोणीस हजार आठशे तेरा. दोन खणांत पासष्ट हजार पाचशे पस्तीसच्या पुढचा आकडा मावत नाही. तनयाच्या भाषेत रुंदी एक, दोन किंवा चार खणांचीच असे, म्हणून त्याला चार खण द्यावे लागले, आणि नियमाप्रमाणे साऱ्या कोशाला चार मिळाले. दोन प्रती मिळून एक कोटी ब्याण्णव लाख. एवढी जागा माझ्यापाशी नव्हती.

तनयाने हे सगळ्यांना समजावले तेव्हा काकू चहा घेऊन आल्या होत्या. “म्हणजे एका पाहुण्याला मोठी खोली लागते, म्हणून सगळ्या सोसायटीला थ्री-बीएचके?” त्या म्हणाल्या. “तुमचे लाड आहेत हं हे.”

“बाबा, छोडो ना,” सिद्धांत म्हणाला. “साधा एफ टाका. मुलांना काय कळणार आहे?”

“कळत नाही म्हणूनच कोश लिहिलाय,” काका म्हणाले. “साध्या एफला दिशा नसते. तो राहील.”

“राहील, काका,” तनया म्हणाली. “नियम माझा आहे, तो मी बदलते.”

आधी तिने शब्दाशब्दाचे तुकडे केले आणि प्रत्येकाला त्याची रुंदी दिली. पण प्रत्येक तुकड्याची माहिती ठेवायला सोळा खण लागत, आणि शब्द होते चार लाखांवर. नुसत्या माहितीनेच चौसष्ट लाखांवर खण भरले, आणि दोन प्रतींचे शहाण्णव लाख मिळवताच दीड कोटी ओलांडले. तिने ते सारे पुसले. पुढच्या खेपेला तिने परिच्छेदांचे तुकडे केले. नुसत्या इंग्रजी नावांच्या परिच्छेदाला अक्षरामागे एक खण, मराठीला दोन, आणि ठळक चिन्हे असतील त्या परिच्छेदाला चार. प्रत्येकाच्या माहितीत त्याची रुंदी आणि त्याच्याआधी किती चिन्हे झाली तो आकडा, म्हणजे हवे ते अक्षर चटकन सापडावे. दुसरी प्रतही साऱ्या कोशाची ठेवायची गरज उरली नाही. जो परिच्छेद बदलला, तेवढ्याचीच ठेवायची.

कोश उघडला. काका ‘बल’पासून पुढे निघाले. दिवस जात होते तशी पडद्यावरची अक्षरे तनया मोठी करत होती. तीन बोटांची पाच बोटे झाली, मग पडद्यावर एकावेळी एकच शब्द मावू लागला. सदिश, वेग, संवेग, जिथे ठळक अक्षर हवे तिथे काकांनी ते घालायला लावले. मान तिरकी करून, नजरेच्या कडेने, ते शब्द शब्द वाचत. थकले की काकू त्यांना उठवत, आणि ते पुन्हा येऊन बसत. बाहेर मेट्रोचे खांब चढत होते, तेवढे त्यांना खिडकीतून अजून दिसत. शेवटची नोंद ज्ञानेंद्रिये. ती त्यांनी दोनदा वाचली आणि एक अनुस्वार दुरुस्त केला.

मित्रांनो, एखादे यंत्र अडले तर त्याला टाकण्याआधी त्याच्यावर काय लादले आहे ते मोजा. त्याचे दात पुसा, त्याला धुळीपासून जपा. आणि जागा कमी पडते म्हणून कुणाचे अक्षर पुसू नका. जागा कशी वाटली आहे ते एकदा तपासा. मी आता वर्गातल्या संगणकात आहे. मुले कोश उघडतात, तेव्हा लंबक आणि तरफ माझ्यातूनच जातात.

काकांनी कोश बंद केला, त्या सकाळी तनयाने शेवटचे माप घेतले. चिन्हे चोवीस लाख सहा हजार एकशे अठरा. लागलेले खण सत्तेचाळीस लाख चोपन्न हजार शंभर. तपासायच्या राहिलेल्या नोंदी शून्य.