उरलेलं नाव मी लिहितो

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. दिसायला मी काहीच नाही. काळ्या पडद्यावर माणूस कमांड टाइप करतो, नावाची दोन अक्षरं लिहून कंटाळतो आणि टॅबचं बटण दाबतो. उरलेलं नाव मी लिहितो. माणसाच्या आळसावरच माझं पोट चालतं. त्यामुळे त्याला मी आतून-बाहेरून ओळखतो, आणि खरं सांगायचं तर ओळख वाढत गेली तसा आदर कमी होत गेला.

माझा जन्म एका हॉस्पिटलच्या तळघरात झाला. खोलीत कपाटाएवढी यंत्रं दिवसभर घोंघावत असतात आणि एसी इतका लावलेला असतो की बाहेर उन्हाळा असला तरी आत स्वेटर घालावा लागतो. ही यंत्रं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. ताईंनीच मला लिहिलं, कामातून सवड काढून, शेजारचा चहा गार होऊ देत.

या यंत्रांवर एक्स-रेच्या फोटोंची दोन कोठारं होती. फोटो-रोज हे खऱ्या रुग्णांचं. फोटो-सराव हे शिकाऊ लोकांचा हात बसावा म्हणून ठेवलेलं, हवं तेव्हा पुसून पुन्हा भरायचं. कुणी "फो" लिहून टॅब दाबला की मी "फोटो-" इथपर्यंत जाऊन थांबत असे. पुन्हा दाबला तर दोन्ही नावं एकाखाली एक मांडत असे. त्यातलं कुठलं हवं, ते माणसानं सांगायचं. कुठे थांबायचं, हे ताईंनी मला सगळ्यांत आधी शिकवलं होतं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग कुरकुर सुरू झाली. हा मधेच का थांबतो? पूर्ण नाव का देत नाही? मित्रांनो, हे लोक कँटीनमध्ये तासन्‌तास चकाट्या पिटतात, पण एक अक्षर जास्त लिहायचं म्हटलं की यांच्या जिवावर येतं.

विभागाचे प्रमुख असलेल्या साहेबांना वेळ वाचवण्याचा भारी नाद. वाचवलेला वेळ ते कुठे ठेवतात, हे मला कधी कळलं नाही. त्यांनी माझ्यात सुधारणा करायचं फर्मान काढलं. ताईंच्या हाताखालच्या दाढीवाल्यानं मान डोलावली, कारण मान डोलावणं त्याला चांगलं जमतं. ठरलं असं की मी आता थांबायचं नाही. जे नाव लोक सगळ्यांत जास्त वापरतात, ते बेधडक लिहून टाकायचं. आणि हे सगळीकडे करायचं. कोठार पुसण्याची कमांड पुसण्याआधी एकदा विचारते, "खात्रीसाठी कोठाराचं नाव पुन्हा लिहा." तिथेसुद्धा.

"पुसायच्या कमांडला अंदाज नको, साहेब," ताई म्हणाल्या. "आणि खात्रीच्या प्रश्नाला तर टॅब चालताच कामा नये. तिथे माणसानं स्वतः लिहावं, म्हणूनच तो प्रश्न ठेवलाय."

"ताई, तुम्ही फार घाबरता बुवा. लोकांना काय वाचता येत नाही का?"

वाचता येतं, साहेब. वाचत नाहीत.

मी सुधारलो. लोक खूश झाले. हुशार झालाय, म्हणाले. मला त्या शब्दाची शिसारी आली, पण माझं मत विचारतो कोण.

मग एके दिवशी हॉस्पिटलचा कारभार बघायला पाहुणे येणार होते. त्याच सकाळी शिडीवरून पडलेल्या एका रंगाऱ्याला आणलं होतं. त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. एक्स-रेच्या टणक टेबलावर त्याला ठेवताना तो असा ओरडला म्हणे, की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. पण फोटो चांगला आला आणि फोटो-रोजमध्ये जमा झाला. तो बघून दुपारी ऑपरेशन करायचं ठरलं.

पाहुणे तळघरात आले तेव्हा साहेब स्वतः ताईंच्या खुर्चीत बसले. "सरावाचं कोठार चुटकीसरशी रिकामं करून दाखवतो," म्हणाले. पुसण्याची कमांड दिली, "फो" लिहिलं, टॅब दाबला. लोक दिवसभर रोजचंच कोठार उघडतात, म्हणून मी शिकवल्याप्रमाणे "फोटो-रोज" लिहिलं. साहेब पाहुण्यांकडे बघून हसत होते. कमांडनं खात्रीसाठी नाव विचारलं. साहेबांनी पुन्हा टॅब दाबला. मी पुन्हा तेच नाव लिहिलं. प्रश्न यंत्राचा, उत्तरही यंत्राचं, आणि मधे साहेबांची फक्त करंगळी.

कोठार खरोखरच चुटकीसरशी रिकामं झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळानं वरून डॉक्टरांचा फोन आला. रंगाऱ्याचा फोटो दिसत नव्हता. ताईंनी पडद्याकडे पाहिलं, तर रोजचं कोठार रिकामं. आदल्या रात्रीची प्रत त्यांनी जपून ठेवली होती, ती त्या लगेच परत भरू लागल्या. पण त्या दिवशी सकाळचं काहीच तिच्यात नव्हतं. फोटो कोठारात पोचला म्हणून एक्स-रेच्या यंत्रानंही आपली प्रत टाकून दिली होती. रंगाऱ्याला पुन्हा त्या टेबलावर ठेवणं भाग होतं.

त्याची बायको विचारत विचारत तळघरापर्यंत आली. तिच्या हातात त्याचा रंगाचे डाग पडलेला शर्ट होता.

"सकाळी काढलेला फोटो कुठे गेला?"

"मशीननं गडबड केली, बाई," साहेब म्हणाले. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बोटही दाखवलं.

"मशीननं नाही," ताई म्हणाल्या. "आमच्याकडून पुसला गेला. न वाचता."

बाईनं दोघांकडे पाहिलं. "मग आता त्यांना उचलायला तुम्ही या," ती म्हणाली. "मला नाही बघवणार परत."

साहेबांना तेवढ्यात पाहुण्यांची आठवण झाली. ताई तिच्याबरोबर वर गेल्या.

दुसऱ्या फोटोत हाड जास्त सरकलेलं दिसलं. ऑपरेशन झालं, रंगारी वाचला, पण शिडी चढण्याजोगा काही तो राहिला नाही.

संध्याकाळच्या आत ताईंनी माझ्यातली ती सुधारणा काढून टाकली. आता मी पूर्वीसारखा थांबतो, आणि खात्रीच्या प्रश्नापाशी तर तोंडच उघडत नाही. साहेब तिथे अजून टॅब दाबतात. मी गप्प. पुन्हा दाबतात. मी गप्प. हे बिघडलंय, असं म्हणत ते दाढीवाल्याला हाक मारतात. माझ्या जागी नवीन प्रोग्रॅम आणायचं घाटतंय. तो म्हणे विचारायच्या आतच हो म्हणतो. साहेबांची आणि त्याची जोडी चांगली जमेल.

मित्रांनो, मला जपा, अशी गयावया मी करणार नाही. मी आज आहे, उद्या नसेन. पण तुम्हाला कुणी खात्री आहे का विचारलं, तर उत्तर दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. एवढंही जमत नसेल, तर त्या खुर्चीत बसू नका.

त्या दिवशी टेबलावर रंगाऱ्याचे पाय ताईंनी धरले होते. वर काय ऐकलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी मला स्वतःच्या हातानं लिहिलं, पण फोटो-रोज हे नाव त्या आता कुठल्याही कमांडला अक्षर न अक्षर स्वतः टाइप करतात, आणि तेवढा वेळ मी उगाच वाट बघत बसतो.